देवमाशांच्या गावी जायचे तर हंगाम संपल्यावर जा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांकडे बॉस्टन, कनेक्टिकट, न्यू जर्सी भागात तीन-चार महिने राहायला जाणारे आई-वडील आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत. सांगली, नाशिक, अकोल्याहूनही माणसे जातात. पर्यटन पुरवण्यांतून त्यांना नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टनची माहिती भरपूर मिळते. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याबद्दल मात्र जेमतेम एक परिच्छेद असतो आणि ‘जून ते ऑगस्ट हा उत्तम काळ’ एवढे सांगून तो संपतो. समुद्रात डुंबायचे असेल तर ते बरोबर आहे. पण नॅनटकेट, न्यू बेडफर्ड, मिस्टिक, न्यू लंडन, सॅग हार्बर ही गावे ज्या धंद्यावर वाढली, तो देवमाशांच्या शिकारीचा धंदा समजून घ्यायचा असेल, तर हा सल्ला माणसाला चुकीच्या महिन्यात तिथे नेऊन सोडतो.

कारण या धंद्याचे निम्मे काम थंडीचे होते. स्पर्म व्हेल या जातीच्या डोक्यातल्या पोकळीत एक द्रव असतो. जनावराच्या गरम अंगात तो पातळ राहतो, हवा लागली की गोठून पांढरा, मेणचट होतो. हाच माल सर्वांत महागडा. शरद ऋतूत तो कढईत कढवून त्यातले पाणी आणि गाळ काढत आणि पिंपांत भरून थंडीवर सोडत. आपल्याकडे पौषात खोबरेल गोठते तसा तो दाणेदार गोठे. मग गोठलेला माल पोत्यांत भरून लाकडी दाबयंत्राखाली पिळत. या पहिल्या पिळणीत जे तेल गळे, ते कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. त्याला हिवाळी तेल म्हणत आणि दीपगृहांसाठी त्याला सर्वाधिक भाव येई. उरलेला चोथा वसंतात पुन्हा गरम करून, ढेपा पाडून, पुन्हा पिळत. ते तेल दुसऱ्या प्रतीचे. शेवटी राहिलेली कडक ढेप किसून, आणखी एकदा दाबून, पोटॅशच्या क्षारात उकळून पांढरी करत आणि तिच्या मेणबत्त्या ओतत. हिवाळा उबदार गेला तर तेल नीट वेगळे होत नसे, म्हणजे कारखानदाराचे भांडवलच थंडी होती. नॅनटकेटच्या वस्तुसंग्रहालयात ते भलेमोठे तुळईचे दाबयंत्र त्याच्या मूळ जागी उभे आहे. जुलैच्या उकाड्यात त्याच्यासमोर उभे राहून यातले काही लक्षात येत नाही. नोव्हेंबरात हात कोटाच्या खिशात असतात, तेव्हा लगेच येते.

या मेणबत्तीचा आपल्याशीही एक धागा आहे. आपल्याकडची जुनी माणसे ‘शंभर कँडलचा दिवा’ म्हणत. ती ‘कँडल’ म्हणजे इंग्लंडच्या १८६० च्या कायद्यातली प्रमाण मेणबत्ती: देवमाशाच्या डोक्यातल्या याच मेणाची, पौंडाच्या सहाव्या हिश्शाएवढ्या वजनाची, तासाला १२० ग्रेन म्हणजे पावणेआठ ग्रॅम जळणारी. धूर नाही, वास नाही, उन्हाळ्यात वाकत नाही, म्हणून प्रकाश मोजायला ती निवडली गेली.

आता महिने. सर्वांत चांगले दोन तुकडे: पूर्ण नोव्हेंबर, आणि मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. या काळात हॉटेलांचे दर उन्हाळ्याच्या मानाने बरेच उतरलेले असतात, रस्ते मोकळे असतात आणि मुख्य संग्रहालये बहुतेक उघडी असतात. दोघांत निवडायचे झाले तर वसंताचा तुकडा घ्यावा, कारण उजेड. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि डिसेंबरच्या मध्याला या किनाऱ्यावर सव्वाचारलाच सूर्य मावळतो. दुपारी दोनला पोहोचलेल्या माणसाच्या हाती दोनच तास उरतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे गेली की संध्याकाळी पावणेसातपर्यंत उजेड असतो. जानेवारी-फेब्रुवारीत फक्त न्यू बेडफर्डला जावे. त्या महिन्यांत नॅनटकेटचे संग्रहालय बहुधा बंद तरी असते किंवा आठवड्यातून मोजके दिवस उघडते. सॅग हार्बरचेही बंद असते.

बिगरहंगामातही तीन वेळा अशा आहेत की दर एकदम चढतात आणि खोली मिळत नाही. डिसेंबरचा पहिला शनिवार-रविवार नॅनटकेटच्या नाताळ-फेरीचा. एप्रिलचा शेवटचा शनिवार-रविवार तिथल्याच डॅफोडिल उत्सवाचा. आणि जानेवारीच्या सुरुवातीचा एक शनिवार-रविवार न्यू बेडफर्डला, कारण ‘मोबी-डिक’ या देवमाशावरच्या प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीचे तिथल्या संग्रहालयात सुमारे २५ तास अखंड वाचन चालते. आपल्या पारायणासारखेच माणसे आळीपाळीने वाचतात, रात्रभर जागतात. ऐकायला आवर्जून जावे. त्या दिवशी संग्रहालय निवांत पाहता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

सुरुवात न्यू बेडफर्डपासून करावी, बेटापासून नव्हे. बहुतेक लोक आधी नॅनटकेट गाठतात, तिथली सुंदर घरे पाहतात आणि धंदा कसा चालत होता ते न कळताच परततात. न्यू बेडफर्डला यंत्रे, हत्यारे, हिशेब आणि हाडे एकत्र आहेत. बॉस्टनहून अंतर सुमारे ९५ किलोमीटर. २४ मार्च २०२५ पासून बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून इथे लोकल रेल्वे सुरू झाली आहे, त्यामुळे गाडी चालवता न येणाऱ्या आई-वडिलांचीही सोय झाली. शनिवार-रविवारी १० डॉलरचा पास काढला की दोन्ही दिवस हवे तितके फिरता येते. एक काळजी घ्यायची: ईस्ट टॉन्टननंतर या मार्गाला फाटा फुटतो. काही गाड्या न्यू बेडफर्डला जातात, काही फॉल रिव्हरला. डब्यावरची पाटी वाचूनच चढावे. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते सकाळीच पाहून ठेवावे, कारण गाड्यांमध्ये अंतर बरेच असते.

विल्यम स्ट्रीटवर ३३ क्रमांकाच्या जुन्या बँकेच्या इमारतीत राष्ट्रीय उद्यानाचे माहिती केंद्र आहे. उद्यान म्हणजे झाडे नव्हेत. १९९६ साली शहराच्या जुन्या भागातल्या १३ गल्ल्यांना मिळालेला हा दर्जा आहे. प्रवेश फुकट. नकाशा घ्यावा आणि त्या दिवशी काय काय उघडे आहे ते तिथेच विचारावे. खलाशांचे प्रार्थनामंदिर, टेकडीवरची जुनी घरे यांच्या वेळा हिवाळ्यात सारख्या बदलतात आणि जालावरची माहिती मागे पडलेली असते.

तिथून चार पावलांवर, जॉनी केक हिलवर, व्हेलिंग म्युझियम. आत शिरताच डोक्यावर देवमाशांचे सांगाडे टांगलेले दिसतात. त्यातला निळ्या देवमाशाचा ६६ फुटांचा आहे, आणि तो पूर्ण वाढलेलाही नव्हता. १९९८ मध्ये एका तेलवाहू जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अडकून तो मेलेला आला. हाडे साफ करून २००० साली टांगली, तरी त्यांतून तेल अजून झिरपते. ते खाली पडू नये म्हणून नळी लावून काचेच्या पात्रात गोळा केले आहे: मधाच्या रंगाचे, दाट. सांगाड्याखाली उभे राहिले की किंचित खवट वास येतो. गर्दीत तो कळत नाही. एका जनावराच्या नुसत्या हाडांत इतके तेल, तर अंगावरच्या चरबीत किती, याचा अंदाज तिथे येतो आणि माणसे या जनावरांमागे तीन-तीन, चार-चार वर्षे का फिरत होती तेही कळते.

पुढच्या दालनात ‘लगोडा’ या जहाजाची अर्ध्या मापाची प्रतिकृती आहे, ८९ फूट लांब, १९१५-१६ साली बांधलेली. तिच्यावर चढता येते. नातवंडे बरोबर असतील तर अर्धा तास इथेच जातो. पण मोठ्यांनी पाहावी ती खऱ्या मापाची शिकारी होडी आणि हत्यारांची कपाटे. सुमारे २८-३० फुटांची हलकी होडी, सहा माणसे, दोन टोकांना सारखीच निमुळती, म्हणजे वळायला वेळ न घालवता मागे रेटता येते. दोर सुमारे १८०० फूट, लाकडी बादल्यांत वेटोळी करून ठेवलेला. हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, लागला की जनावर खाली बुडी मारते किंवा पळते आणि दोर मागच्या खुंटाला वेढा घालून सणसणत बाहेर जातो. खुंट घासून धूर निघू लागे, म्हणून त्यावर सतत पाणी ओतावे लागे. वेटोळ्यात एक जरी पीळ राहिला तर दोर उसळून हातापायात अडकत असे आणि माणूस पाण्यात ओढला जाई. त्यामुळे दोर गुंडाळणे हे नवशिक्याला कधी देत नसत.

हार्पूनने देवमासा मरत नसे. त्याचे काम फक्त रुतून बसण्याचे. जुन्या हार्पूनला बाणासारखे दोन काटे असत आणि जोराचा हिसका बसला की मांस फाडून ते बाहेर येत. १८४८ साली न्यू बेडफर्डमधल्या लुइस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराने यावर उपाय काढला. पाते दांड्याच्या टोकाला खिळ्यावर फिरते बसवले. आत शिरताना ते दांड्याला समांतर राहावे म्हणून काडीएवढी लाकडी खुंटी घातली. दोराला ताण बसताच खुंटी मोडते, पाते आत आडवे फिरते आणि गुंडीसारखे अडकून बसते. एवढीशी ती काडी, पण तिने सगळ्या धंद्याचे हत्यार बदलले. टेंपलने स्वामित्वहक्क घेतला नाही, पैसा इतरांनी कमावला. शहराच्या ग्रंथालयासमोर त्याचा पुतळा आहे. हत्यार आधी पाहावे आणि मग पुतळ्यापाशी जावे, म्हणजे त्याच्या हातात काय आहे ते समजते.

कृष्णवर्णीयांचा उल्लेख इथे ओघाने आलेला नाही. गुलामीतून निसटलेला आणि पुढे गुलामीविरोधी चळवळीचा मोठा नेता झालेला फ्रेडरिक डग्लस १८३८ च्या सप्टेंबरात याच गावात आला. जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवण्याचे काम त्याला उत्तम येत होते. पण गोऱ्या कारागिरांनी त्याच्याबरोबर काम करायला नकार दिला, म्हणून त्याने धक्क्यावर हमाली केली आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यात तेलाची पिंपे हलवली. त्याला आसरा देणाऱ्या नेथन आणि पॉली जॉन्सन यांचे घर सेव्हन्थ स्ट्रीटवर आहे. आत जाता आले नाही तरी बाहेरून पाहून यावे. १८५७ साली या एका बंदराची ३२९ शिकारी जहाजे होती. त्यांवरच्या खलाशांना पगार नसे, आपल्या रापणीसारखा वाटा असे. फरक असा की रापणीत माणूस त्याच दिवशी वाटा घेऊन घरी जातो. इथे नवख्या खलाशाचा वाटा पावणेदोनशेंत एक किंवा दोनशेंत एक, तोही चार वर्षांनी, आणि त्यातून कपडे, तंबाखू, आगाऊ घेतलेली रक्कम यांची कापणी. कित्येक जण कर्ज अंगावर घेऊनच उतरत.

प्रार्थनामंदिर १८३२ चे. भिंतींवर समुद्रात मेलेल्यांच्या संगमरवरी पाट्या आहेत: नाव, वय, कोणत्या जहाजावरून, कुठे. पाट्या सावकाश वाचाव्यात. जहाजाच्या नाळेच्या आकाराचे व्यासपीठ मात्र मूळचे नाही. ते १९६१ साली, ‘मोबी-डिक’मध्ये तसे व्यासपीठ आहे असे वाचून येणारे लोक विचारू लागले म्हणून बसवले आहे.

जेवणाबद्दल थोडे. शिकारी जहाजे वाटेत अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवरून माणसे घेत. त्यामुळे हे शहर आज बरेचसे पोर्तुगीज वळणाचे आहे आणि गोव्याच्या वाचकांना पाट्यांवरची आडनावे ओळखीची वाटतील. चौरीस मिळते, पण गोव्याच्या चौरिसाची व्हिनेगरची आंबट-तिखट चव तिच्यात नाही. इथली लसूण आणि पाप्रिकाची, धुरावलेली असते. मालासादा हा तळलेल्या पिठाचा, वरून साखर लावलेला पदार्थ आहे. तो लेंटच्या उपवासाआधी, म्हणजे ऐन बिगरहंगामात, ठिकठिकाणी ताजा मिळतो. शाकाहाऱ्यांनी केलच्या पालेभाजीच्या सूपला फसू नये. त्यात सॉसेज किंवा निदान मांसाचे पाणी जवळजवळ नेहमीच असते. पोर्तुगीज गोड पाव आणि मालासादा दोन्हीत अंडे असते. चाउडर हे दाट सूप नुसत्या बटाट्याचे वाटले तरी त्यात शिंपले किंवा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. विचारल्याशिवाय मागवू नये.

न्यू बेडफर्डहून नॅनटकेटची जलद बोट सुटते असे बऱ्याच माहितीपत्रकांत लिहिलेले असते. ती फक्त हंगामात, साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये धक्क्यावर जाऊन उभे राहिले तर तिथे मासेमारीच्या बोटींशिवाय काही नसते. बेटावर जायला केप कॉड या भूशिरावरचे हायॅनिस गाठावे लागते, सुमारे ७० किलोमीटर. बसने जाणाऱ्यांनी बॉस्टनला परत येऊन साउथ स्टेशनवरून हायॅनिसची बस धरणे सोपे. हायॅनिसहून दोन प्रकारच्या बोटी: मोटारी नेणारी मोठी, सव्वादोन तासांची, आणि फक्त माणसांची जलद, एक तासाची. वारा वाढला की आधी जलद बोट रद्द होते. मोठी बोट बऱ्याचदा चालू राहते, पण जोराच्या वाऱ्यात तीही थांबते. रद्द करण्याचा निर्णय एकेका फेरीपुरता होतो, म्हणून सकाळची गेली तरी दुपारची मिळेलच असे नाही. धुक्याचे गणित उलटे आहे: धुक्यात छोटी विमाने अडकतात, बोट बहुधा चालते. म्हणून बेटासाठी एक दिवस राखीव ठेवावा आणि भारतात परतायचे विमान बेटावरून निघाल्यानंतर निदान दोन दिवसांनी असावे. गाडी हायॅनिसलाच वाहनतळावर ठेवावी. बोटीवर मोटार नेण्याचे भाडे माणशी तिकिटाच्या कितीतरी पट असते आणि नॅनटकेट गाव पायी होते. बोट लागणाऱ्यांनी मोठ्या बोटीच्या खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावे.

नॅनटकेटचे संग्रहालय १८४७ च्या मेणबत्ती कारखान्यात आहे. इमारत विटांची का, याचे उत्तर आदल्या वर्षात आहे. १३ जुलै १८४६ च्या रात्री गावाला आग लागली. लाकडी गोदामे, त्यांत तेलाची पिंपे. जळते तेल बंदराच्या पाण्यावर पसरले आणि व्यापारी पेठ जवळजवळ सगळी गेली. पण गावाचा ऱ्हास त्याआधीच सुरू झाला होता, आणि त्याचे कारण बोट बंदरात शिरताना डोळ्यांनी दिसते. तोंडाशी वाळूचा दांडा आहे. जहाजे मोठी होत गेली तशी भरलेली जहाजे त्यावरून आत येईनात. १८४२ साली पीटर इवर याने ‘उंट’ नावाची जुगत केली: दोन पोकळ लाकडी कोठ्या पाणी भरून बुडवायच्या, जहाज मध्ये घ्यायचे, तळाखालून साखळ्या आवळायच्या आणि कोठ्यांतले पाणी उपसायचे. कोठ्या वर येताना जहाजालाही उचलत. जुगत चालली, पण वेळ आणि पैसा खात असे. न्यू बेडफर्डला खोल पाणी होते आणि १८४० पासून रेल्वेही होती. धंदा तिकडे सरकला. १८६९ साली शेवटचे शिकारी जहाज नॅनटकेटहून गेले. पेनसिल्व्हेनियात १८५९ साली जमिनीतून तेल निघाले, त्यामुळे देवमासे वाचले असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्यानंतरही जहाजे जात राहिली, तेलापेक्षा जबड्यातल्या लवचिक पट्ट्यांसाठी, ज्या बायकांच्या कंबर आवळणाऱ्या कपड्यांत आणि छत्र्यांत वापरत. आणि विसाव्या शतकात वाफेच्या जहाजांनी व तोफेच्या हार्पूननी इतर देशांनी याहून कितीतरी जास्त देवमासे मारले.

संग्रहालयात १९९८ च्या १ जानेवारीला बेटावर वाहून आलेल्या स्पर्म व्हेलचा ४६ फुटांचा सांगाडा आहे. त्याचे दात नीट पाहावेत: फक्त खालच्या जबड्यात. मेन स्ट्रीटचा गोटे बसवलेला उतार पाहायला छान, पण सकाळी त्यावर न दिसणारे बर्फ असते आणि साठीपुढच्या माणसांचे मनगट मोडण्याची जागा हीच. खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट हवेत, चामड्याच्या तळाचे किंवा नेहमीचे सपाट चालायचे बूट नकोत. कपड्यांत जाडी महत्त्वाची नाही, वारा अडवणारा बाहेरचा थर महत्त्वाचा. एप्रिलमध्येही समुद्र अजून गारच असतो, किनाऱ्यावर गावातल्यापेक्षा चार-पाच अंश कमी वाटते. बेटावरच्या निम्म्याहून अधिक खाणावळी बंद असतात, तेव्हा मुक्काम ठरवतानाच जवळ काय उघडे आहे ते विचारावे. शाकाहाऱ्यांनी थालीपिठाची भाजणी, दशम्या बरोबर ठेवल्या तर संध्याकाळ अडत नाही.

न्यू बेडफर्डहून पश्चिमेला सुमारे १२० किलोमीटरवर मिस्टिक. इथे ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ आहे, जगात उरलेले एकमेव लाकडी शिकारी जहाज. १८४१ साली न्यू बेडफर्डलाच बांधले, ८० वर्षांत ३७ सफरी केल्या, १९४१ पासून इथे. २०१४ मध्ये दुरुस्त करून शिडांवर पुन्हा समुद्रात नेले होते. हिवाळ्यात संग्रहालय आठवड्यातले काही दिवसच उघडे असते आणि डेकवर बर्फ असेल तर जहाजावर सोडत नाहीत, म्हणून निघण्याआधी फोन करून दोन्ही गोष्टी विचाराव्यात. रेल्वेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मिस्टिकला मोजक्याच गाड्या थांबतात. जवळच्या न्यू लंडनला जास्त थांबतात.

मॉर्गनवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो डेकवरच्या विटांच्या भट्टीला. पुढच्या डोलकाठीमागे दोन लोखंडी कढया. लाकडी जहाजावर उघडी आग! डेक पेटू नये म्हणून भट्टीखाली पाण्याचे टाके ठेवत आणि ते आटले नाही ना, हे पाहणारा माणूस वेगळा. चरबीचे तुकडे पुस्तकाच्या पानांसारखे चिरत, कातडीच्या बाजूने जोडलेले ठेवून, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोहोचते आणि काट्याने उचलताही येते. तेल निघाल्यावर उरलेले कुरकुरीत चोथे परत भट्टीत घालत. देवमाशाच्या तेलाला देवमाशाचेच जळण. खाली चरबीच्या खोलीत ताठ उभे राहता येत नाही. मागे कप्तानाच्या खोलीत झुलता पलंग आहे, जहाज कलंडले तरी सपाट राहणारा, आणि पुढे खलाशांच्या खोलीत फळ्यांच्या खणांसारखी अंथरुणे. दोन्ही एकापाठोपाठ पाहावीत. शिड्या उभ्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे.

न्यू लंडनला व्हेल ऑइल रो ही खांबांच्या चार पांढऱ्या घरांची रांग बाहेरून दहा मिनिटांत होते. तिथून न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरच्या ऑरिएंट पॉइंटची बोट वर्षभर चालते, एक तास वीस मिनिटे. पुढे शेल्टर आयलंडच्या दोन लहानशा फेरीबोटी एकामागून एक, त्यांना आरक्षण लागत नाही, आणि आपण सॅग हार्बरला पोहोचतो. संग्रहालय बंद असले तरी १८४४ चे व्हेलर्स चर्च बाहेरून पाहावे. कठड्यावर चरबी कापण्याच्या फावड्यांची नक्षी ओळीने कोरली आहे. मनोरा १९३८ च्या वादळात गेला, तो परत बांधला नाही.

आता खरेदी. या गावांतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत देवमाशाच्या दातांवर कोरलेली चित्रे असतात. नॅनटकेटच्या विणलेल्या टोपल्यांच्या झाकणावर पांढरा कोरीव तुकडा असतो. तो कशाचा आहे ते विचारावे. जुना खरा दात किंवा हाड असेल तर कितीही मोह झाला तरी घेऊ नये. परवान्याशिवाय ते अमेरिकेबाहेर नेता येत नाही आणि भारतात आणणे आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकवते. रेझिनची नक्कल हवी असेल तर पावतीवर तसे स्पष्ट लिहून घ्यावे.

याच संदर्भात वृत्तपत्रांना एक कळकळीची विनंती. ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्गात अंबरची तस्करी पकडली गेली की ‘व्हेलची उलटी’ असा मथळा येतो. अंबर हा स्पर्म व्हेलच्या आतड्यात, पचन न झालेल्या माकुळांच्या चोचींभोवती साचणारा पदार्थ आहे. उलटी म्हटले की जनावराला काही इजा न होता किनाऱ्यावर सापडलेली वस्तू, असे वाचकाच्या मनात बसते, आणि कोटींच्या आकड्यासह छापले की ती शोधायला माणसे निघतात. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला अडकलेल्या देवमाशाच्या पिल्लासाठी गावकऱ्यांनी केलेली धडपड याच पानांवर आली होती. त्याच जिव्हाळ्याने हा शब्दही सुधारावा.

शेवटचे ठिकाण प्रॉव्हिन्सटाउन, केप कॉडचे टोक, आणि ते मार्च-एप्रिलमध्येच. देवमासे दाखवणाऱ्या सहलीच्या बोटी एप्रिलच्या मध्याआधी सुटत नाहीत, पण त्यांची गरज नाही. उत्तर अटलांटिक राइट व्हेल ही जात आता पावणेचारशेच्या आसपास उरली आहे. संथ पोहणारी, मेल्यावर तरंगणारी, भरपूर चरबीची, म्हणून शिकाऱ्यांना ‘योग्य’ वाटलेली, आणि त्यानेच तिचा घात झाला. हिवाळ्यात जॉर्जिया-फ्लोरिडाजवळ पिल्ले देऊन या माद्या वसंतात केप कॉड उपसागरात बारीक प्राण्यांचा चारा खायला येतात, कधी कधी किनाऱ्यापासून काही शे मीटरवर. त्यांच्यासाठी इथे मोठ्या जहाजांना १५ मेपर्यंत १० नॉट्सची वेगमर्यादा असते आणि मॅसेच्युसेट्सच्या पाण्यात फेब्रुवारी ते एप्रिल शेवंडीचे पिंजरे लावायला बंदी असते, कारण दोरांत अडकून त्या मरतात. धक्क्यांवर पिंजऱ्यांच्या थप्प्या रचलेल्या दिसतात त्या याचमुळे.

रेस पॉइंट किंवा हेरिंग कोव्हच्या वाहनतळावर सकाळी, वारा पडलेला असताना, दुर्बीण घेऊन उभे राहावे. ८ बाय ४२ ची पुरते. बोटीने किंवा ड्रोनने ५०० यार्डांच्या आत जाणे बेकायदा आहे, किनाऱ्यावरून पाहायला बंधन नाही. पाण्यावर रुंद काळी पाठ दिसेल, पाठीवर पर नसेल, डोक्यावर पांढुरके खडबडीत डाग असतील आणि फवारा दोन फाट्यांत, इंग्रजी व्ही अक्षरासारखा उडेल. एकदा दिसली की डोळे तिथेच ठेवावेत. चारा खात असेल तर ती त्याच पट्ट्यात पुनःपुन्हा वर येते.

आपला,
एक मराठी वाचक, मॅसेच्युसेट्स